भिंतींवर काम करणारी मुलगी

प्रिय चिंगे,

तिथे तुला सगळे डॉक्टर म्हणतात आणि तुझ्या नावाची पाटी दारावर लागली आहे, हे मला ठाऊक आहे. तरी पत्राची सुरुवात चिंगीनेच होणार. पाटीवरच्या नावाला लिहायला बसले तर माझ्या हातून पत्राऐवजी रजेचा अर्ज लिहून होईल. अक्षर गिचमिड आहे, सवय गेली आहे, तेवढं चालवून घे. आणि एका बैठकीत वाच. कामाच्या मधे मधे, एक डोळा पत्रावर आणि एक डोळा यंत्रावर असं नको. चहा करून घे आणि नीट बस.

रविवारचा फोन माझ्या डोक्यातून जात नाही. महिनाअखेर तुला उत्तर द्यायचं आहे, तिथली कायमची जागा घ्यायची की इथल्या कॉलेजातली. तू दोन्हीकडचं सगळं सांगितलंस. तिथली प्रयोगशाळा मोठी, इथली लहान पण स्वतःच्या हातात. तिथे बर्फ, इथे धूळ. मी हं हं करत ऐकलं. मग तू थांबलीस आणि म्हणालीस, “आई, तुला काय हवंय ते एकदा तरी सांग.” आणि मी म्हणाले, तुझं तू बघ, मला काय, मी मजेत आहे. वर दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. गॅसवर काहीच नव्हतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि स्वतःलाच म्हटलं, इस्पितळात शंभर माणसांना ताट वाढताना तुझी जीभ कात्रीसारखी चालते, आणि पोटच्या पोरीशी बोलताना तिला कुलूप लागतं.

तर जे फोनवर जमलं नाही ते कागदावर जमतं का बघते. पण त्याआधी तुला एक बातमी द्यायची आहे, जी मी गेले काही महिने लपवून ठेवली आहे. हसू नकोस. मी शाळेत जाते. संध्याकाळची, मोठ्यांची शाळा. इस्पितळाची पाळी संपली की एप्रन काढायचा, तोंडावर पाणी मारायचं आणि दप्तर घेऊन पळायचं. दप्तर म्हणजे तुझंच जुनं, ज्याचा पट्टा तुझ्या बाबांनी मेणदोऱ्याने शिवला होता तेच. त्यात तुझ्या पेन्सिलीचा भुगा अजून आहे. विषय कोणता घेतला असेल ते तू ओळखलं असशीलच. आम्हा अगदी नवशिक्यांसाठी, मुळाक्षरांपासून: वनस्पतीची पेशी.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगते. वरच्या मजल्यावरची शिंपीण एकदा विचारायला आली, तुमची मुलगी नक्की काय करते हो? मी ऐटीत सांगितलं, भिंतींवर काम करते, झाडांच्या. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, मग आमच्या मोरीच्या भिंतीला ओल येते, त्यावर काय लावायचं ते विचाराल का तिला? मी हो म्हणाले. म्हणजे बघ, तिला काही कळलं नाही हे ठीक आहे, पण तिला दुरुस्त करण्याइतकंसुद्धा मला कळत नव्हतं. ती गेल्यावर मी आधी पोट धरून हसले आणि मग मला फार वाईट वाटलं.

कारण मला एक जुना फोन आठवला. तुझा कसलासा मोठा प्रयोग जमला होता आणि तू धापा टाकत भिंतीतल्या भोकांचं काहीतरी सांगत होतीस. मी मधे मधे अगं बाई, अगं बाई म्हणत होते. बहुतेक एक अगं बाई चुकीच्या जागी पडलं असणार. तू थांबलीस आणि अगदी हळू विचारलंस, “आई, तुला काही कळत नाहीये ना?” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग तू हवेचं विचारलंस. त्या दिवसापासून आपल्यात हवापाणी तेवढं उरलं. तुझ्याकडे किती थंडी, माझ्याकडे किती ऊन, जेवलीस का, जेवले. मला वाटायचं, फोनमधून तुझा आवाज येतो पण तू येत नाहीस. मला तू परत हवी होतीस, आणि तुला आणायला कुठल्या रस्त्याने जायचं ते कळत नव्हतं. म्हणून शाळेत नाव घातलं.

वर्ग लहान मुलांच्या शाळेत भरतो. बाक एवढेसे. गुडघे कुठे ठेवायचे हाच पहिला धडा. माझ्या शेजारी एक बसड्रायव्हर बसतो, त्याला शाळेचा दाखला मिळाला की आगारात साहेबाची खुर्ची मिळणार आहे. दिवसभर बस चालवून येतो, त्यामुळे दिवे मंद झाले की बसल्या बसल्या झोपतो, पण पाय ब्रेकवर असल्यासारखा अधूनमधून दाबतो. आमच्या बाई तुझ्याहून लहान. मला काकू म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर चौकोन काढला आणि म्हणाल्या, ही पेशी. मीही काढला. बाई वाकून बघून म्हणाल्या, काकू, ही वीट झाली, यात राहणार कोण? मग त्यांनी चौकोनाच्या आत, कडेला लागून, आणखी एक बारीक रेघ काढली. बाहेरची जाड ती पेशीभित्तिका, आतली बारीक ते पेशीपटल. प्राण्यांच्या पेशीला नुसतं पटल असतं, भिंत नसते. ड्रायव्हर जागा होता, त्याने विचारलं, मग माणूस उभा कसा राहतो? बाई म्हणाल्या, हाडांवर. झाडाला हाडं नाहीत, म्हणून तिथे प्रत्येक पेशी आपली भिंत आपण बांधते आणि अशा लाखो भिंती एकमेकींना टेकून झाड उभं राहतं. मी इतकी वर्षं झाडं बघितली, पण ती पडत का नाहीत असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

मग घरी येऊन मी पाठ करायची. भाजी निवडताना मोठ्याने म्हणायची: आत पातळ डिंकासारखं असतं ते पेशीद्रव्य, सगळं त्यात तरंगतं. मधे गोळा असतो ते केंद्रक. हे केंद्रक मला लगेच कळलं, कारण आमच्या इस्पितळात आहार ठरवणाऱ्या बाई आहेत. त्या कधी पळी हातात धरत नाहीत, पण कोणत्या खाटेला काय जायचं याचा हुकूम त्यांच्या खोलीतून सुटतो. तंतुकणिका म्हणजे शक्ती तयार करणाऱ्या शेगड्या. हरितलवकं म्हणजे हिरवे ठिपके, तिथे उन्हावर अन्न शिजतं. हे ऐकल्यावर मला झाडाचा हेवाच वाटला. आम्ही सिलिंडर संपला म्हणून आरडाओरडा करतो आणि ते बापडं नुसतं उन्हात उभं राहून सगळ्यांचं जेवण करून मोकळं होतं. एवढं झालं तरी पेशीच्या अर्ध्याहून जास्त जागेत काय असतं सांग. पाणी. एक मोठी पिशवी असते, रिक्तिका नावाची, जवळजवळ सगळी जागा तीच खाते. मला आधी ते आवडलं नाही. एवढं मोठं घर आणि त्यात पाण्याची टाकीच? पण बाई म्हणाल्या, ती टाकी भरलेली असते म्हणून पान ताठ असतं. टाकी रिकामी झाली की पान मान टाकतं. तेव्हा मला पटलं. बाजारातून आणलेली मलूल पालेभाजी मी जन्मभर पाण्यात उभी करून ठेवत आले, ती तासाभरात टवटवीत होते ती का, हे मला आत्ता या वयात समजलं.

तुला हे सगळं बाळबोध वाटत असेल. वाटू दे. तू चालायला शिकत होतीस तेव्हा मीही तुझं एकेक पाऊल डोळे विस्फारून बघितलं होतं, आता थोडं तू बघ.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाईंनी सांगितलं, येताना लाल कांदा आणा. मी मनात म्हटलं, आता दाखवते यांना. गोण्यांनी कांदे सोलले आहेत या हातांनी. कांद्याच्या पाकळीवर जांभळा पापुद्रा असतो तो चिमट्याने अलगद सोलायचा, काचेच्या पट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर पातळ काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. मी पापुद्रा झकास काढला. बाकीच्यांचे फाटत होते, ड्रायव्हरच्या तर बोटालाच चिकटून बसला होता. मी मान ताठ करून डोळा लावला. आणि शेजारचा ड्रायव्हर ओरडायला लागला, विटा दिसल्या, गुलाबी विटा, काठोकाठ भरलेल्या. माझ्याकडे विटा होत्या, पण गुलाबी रंग काठोकाठ नव्हता. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध रंगाचा एक आकसलेला गोळा, आणि भोवती नुसती रिकामी जागा. भिंती जागच्या जागी, आतली माणसं मात्र भिंतीपासून दूर सरकून अंग चोरून बसल्यासारखी. मला वाटलं माझा कांदाच वाईट निघाला. दुसरा पापुद्रा घेतला, तोही तसाच.

बाईंनी बघितलं आणि विचारलं, काकू, यावर काय घातलंत? मी म्हटलं, काही नाही, नेहमीसारखा धुतला. नेहमीसारखा म्हणजे कसा, तर मिठाच्या पाण्यात. इस्पितळात कच्चा कांदा कोणाच्या पानात वाढायचा असला की आम्ही तो चिरून मिठाच्या पाण्यात टाकतो, उग्रपणा जातो. घरून निघताना मी कांदा सोलून, पाकळ्या सुट्या करून मिठाच्या पाण्याच्या डब्यात घालून आणला होता, आणि पट्टीवर थेंबही त्याच डब्यातला टाकला होता. मला वाटलं स्वच्छता केली. सगळा वर्ग हसला. ड्रायव्हर म्हणाला, काकू लिंबूही पिळायचं होतं. मी मान खाली घातली. खोटं कशाला बोलू, लाज वाटली. पण बाई हसल्या नाहीत, त्यांना उलट आनंद झाला. म्हणाल्या, हा धडा पुढच्या महिन्यात होता, काकूंनी आजच आणला. त्यांनी सगळ्यांना रांगेने माझ्या पट्टीवर डोळा लावायला सांगितलं. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. टाकी आटते, पटल आकसतं, भिंतीला सोडून आत जातं. भिंत आकसत नाही, कारण ती कडक असते. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं जसंच्या तसं आहे.

मग बाईंनी एक गंमत केली. काचेच्या एका कडेला साध्या पाण्याचा थेंब ठेवला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावला. कागद मिठाचं पाणी शोषत गेला आणि साधं पाणी काचेखालून सरकत आलं. मला म्हणाल्या, काकू, डोळा काढू नका. मी नाही काढला. आणि मी बघितलं, चिंगे. ते गोळे हळूहळू पसरायला लागले. आधी एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या. कुठे घाई नाही, धक्का नाही. आधी थोडी जागा भरली, मग आणखी, आणि एकेक चौकोन गुलाबी होत भिंतीला जाऊन टेकला. काही पेशी मात्र तशाच राहिल्या. बाई म्हणाल्या, फार वेळ मिठात राहिल्या की त्या परत येत नाहीत. माझ्या डोळ्यांतून एकदम पाणी यायला लागलं. मी म्हटलं, कांदा झोंबला. एवढ्याशा पापुद्र्याने कोणाला कांदा झोंबत नाही हे बाईंना कळलं असणार, पण त्या फळा पुसायला वळल्या. मुलगी गुणाची आहे.

त्या संध्याकाळी मला तुझी इतकी आठवण आली की घरी जायला नको वाटलं. घर तुला माहीत आहे. तुझ्या खोलीत मी कपडे वाळत घालते, कारण ऊन तिथे चांगलं येतं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे कपडे वाळत घालायच्या निमित्ताने त्या खोलीत जायला मिळतं. पाव आणला की कडेचा तुकडा अजून तुझ्या वाट्याचा म्हणून बाजूला काढते, मग तो दोन दिवस तसाच वाळतो, मग मी तो चहात बुडवून खाते आणि मला तो अजिबात आवडत नाही. तू कसा खायचीस कोण जाणे. तुझे बाबा म्हणायचे, ही पोरगी पावाची कड आणि भांडणाचं टोक कधी सोडायची नाही. आता कडही माझ्याच वाट्याला आली आणि भांडायला घरात कोणी नाही.

पुढच्या आठवड्यात पाण्यातल्या एका झाडाचं पान बघितलं. त्यात हिरवे ठिपके दिसले, आणि ते चालत होते. खरंच चालत होते, भिंतीच्या कडेकडेने, एकामागून एक. ते तुझ्यासाठी जुनं असेल, मी तर डोळे चोळले. तेव्हा मला धीर आला आणि मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला. म्हटलं, बाई, भिंत एवढी पक्की, प्रत्येकीची वेगळी, मग एका पेशीत काय चाललंय ते शेजारणीला कळणार कसं? बाई खूश झाल्या. म्हणाल्या, भिंतीला अगदी बारीक भोकं असतात आणि त्यांतून पेशीद्रव्याचे धागे एका घरातून दुसऱ्या घरात गेलेले असतात. आपल्या या सूक्ष्मदर्शकातून ते दिसायचे नाहीत, पण त्यांतून जेवण जातं, निरोप जातो. वरच्या पानाला ऊन लागलं की खालच्या मुळाचं पोट भरतं ते काही उगाच नाही. पुस्तकात एकटी पेशी काढतात ती आपल्या सोयीसाठी, झाडात कोणी एकटं नसतं. आणि मग म्हणाल्या, या भोकांवर अजून मोठमोठ्या प्रयोगशाळांत संशोधन चालू आहे. मी उभीच होते. मी म्हटलं, माझी मुलगी तेच करते. सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला, ड्रायव्हरसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझं काम दुसऱ्या कोणाला समजावून सांगितलं, आणि मला वाटतं बरोबर सांगितलं. घरी येऊन शिंपिणीलाही सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे भोकं बुजवत नाही, उलट बघत बसते होय. तिची ओल तशीच आहे.

आता मुद्द्याचं. हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण आजी तुझी लाडकी होती आणि तिच्याबद्दल वाकडं बोलायला मला आवडत नाही. मी तुझ्याहून पुष्कळ लहान होते तेव्हा मला दुसऱ्या गावी परिचारिकेच्या शाळेत जागा मिळाली होती. कपडे भरून झाले होते. निघायच्या सकाळी आई, म्हणजे तुझी आजी, उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, “तू गेलीस तर मी जगायची नाही.” मी बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले. त्यानंतर ती ठणठणीत तीस वर्षं जगली, दोन वेळा जेवून, दुपारची झोप काढून. मी तिच्यावर रागावले नाही असं नाही. पण रागापेक्षा मी एक ठरवून टाकलं. माझ्या पोरीच्या वाटेत मी कधी उंबऱ्यात बसणार नाही. माझ्या तोंडून थांब हा शब्द निघणार नाही. आणि तो निघाला नाही. तू पहिल्यांदा निघालीस तेव्हा सगळ्या आया स्टेशनवर रडत होत्या आणि मी तुला डब्याचं झाकण घट्ट लाव म्हणून सांगत होते. तुझे बाबा गेले तेव्हा तू आलीस, राहिलीस, आणि एक दिवस ओट्याशी उभी राहून म्हणालीस की मी आता जात नाही. मी तुझी बॅग भरायला घेतली. म्हटलं, तुझं काम पडलंय. तू माझ्याकडे बघितलंस ते मला अजून दिसतं. तुला वाटलं, आईला मी नको आहे. मला तेव्हाच कळलं होतं की तुला तसं वाटलं. तरी मी स्वेटरच्या घड्या घालत राहिले, कारण मला वाटत होतं की मी फार मोठं काम करते आहे, आजीने जे केलं ते मी करत नाहीये.

माफी मागायला हे लिहीत नाही. त्या दिवशी तुला पाठवलं ते बरोबरच होतं, तुझ्या दारावरच्या पाटीने ते सिद्ध केलं आहे. पण आजीने मला अडवलं आणि मी तुला काहीच सांगितलं नाही, या दोन टोकांच्या मधे आणखी काही असू शकतं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते आता येतं आहे, इतक्या उशिरा, एवढ्याशा बाकावर बसून. माणसाला अडवायचं नाही म्हणून त्याला आपल्या मनातलंही कळू द्यायचं नाही, हे कुठलं शहाणपण? मी तुला मोकळं सोडलं असं मला वाटत होतं. तुला मात्र ते बंद दार वाटलं. तू गेल्या रविवारी सरळ विचारलंस, आणि मी दूध उतू घालवलं.

तर हे पत्र यासाठी. नीट ऐक, कारण मी हे पुन्हा म्हणेन की नाही सांगता येत नाही. तू तिथली जागा घेतलीस तर मी मरणार नाही. जेवेन, झोपेन, वर्गाची परीक्षा देईन आणि पुढच्या वर्गात नाव घालेन, आणि तुझ्याशी फोनवर हवेपेक्षा बरं काहीतरी बोलेन, कारण आता मला प्रश्न विचारता येतात. तुझं काम मोठं आहे हे मला आता नुसतं ऐकून नाही, कळून माहीत आहे. तू जे ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूने उभी राहीन, तोंड पाडणार नाही, कोणाला पाडूही देणार नाही. पण तू मला विचारलं होतंस, तुला काय हवंय. आजवर मला कोणी हे विचारलं नव्हतं, म्हणून उत्तर द्यायची सवय नव्हती. मला तू इथे हवी आहेस. माझ्या म्हातारपणासाठी नाही, औषधं आणायला नाही, लोक काय म्हणतील म्हणूनही नाही. संध्याकाळी दार वाजावं आणि तू आत येऊन चपला वेड्यावाकड्या काढाव्यास, म्हणून हवी आहेस. हे ऐकून घे, आणि मग ठरव.

तुझीच,
आई